पाय मोजताना बाईचा वेळही मोजा



पायाला रक्त कमी पोचत असेल आणि त्यातच बोटाला जखम झाली असेल, तर पाय वाचेल की कापावा लागेल याचा अंदाज बांधण्याची एक रीत आता डॉक्टरांकडे आहे. अमेरिकेतील रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने ती २०१४ मध्ये मांडली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात : जखम किती खोल आहे, पायात रक्त किती पोचते, आणि जंतुसंसर्ग किती पसरला आहे. प्रत्येक गोष्टीला ० ते ३ अंक मिळतात. त्यावरून रुग्णाला चारपैकी एका पायरीवर ठेवले जाते. वर्षभरात पाय गमावण्याचा धोका पहिल्या पायरीवर अगदी कमी असतो, चौथीवर जास्त.

ही मोजणी चांगलीच आहे. तिच्यामुळे ‘बघू, थांबू’ला आळा बसतो. पण ती सुरू होते बाई दवाखान्यात पोचल्यावर. पोचण्याआधी घरात जे आठवडे जातात त्यांना अंक नाही. आणि बाईच्या बाबतीत पहिली ते चौथी हा प्रवास बहुतेक वेळा त्याच आठवड्यांत होतो.

सावेडीसारख्या उपनगरात दवाखान्यांची वानवा नाही. तरी आमच्या कामात भेटलेली एक मावशी पाच आठवडे घरीच होती. बरीच वर्षे साखरेचा आजार, चार घरची धुणीभांडी, नव्या चपलेने अंगठ्याला पडलेला फोड. त्यावर हळद लावली, चुना लावला. पाय दिवसभर पाण्यात. दुखत नव्हते, म्हणून कुणाला सांगितले नाही. साखरेने पायाची जाणीव जाते, तेव्हा न दुखणे हीच धोक्याची खूण असते, हे तिला कुणी सांगितले नव्हते. दवाखान्यात नेले तेव्हा अंगठा काळा पडला होता. कागदावर लिहिले गेले, ‘धोका जास्त’. तो धोका त्या दिवशी थोडाच जन्मला होता?

या आजाराची ओळखही पुरुषाच्या चालण्यावरून ठरलेली आहे. ‘किती चाललात की पोटरी दुखते?’ हा डॉक्टरांचा नेहमीचा प्रश्न. पण नगरमध्ये विड्या वळणारी बाई दिवसभर मांडी घालून बसलेली असते. घरातली बाई ओटा ते मोरी इतकीच चालते, आणि दुखू लागले की चाल हळू करते. तिची पोटरी दुखायची संधीच येत नाही. दुखली तरी ‘वय झालं’, ‘वात आहे’ म्हणून मिटवतात. बायकांमध्ये या आजाराची लक्षणे ठरावीक साच्यात बसत नाहीत आणि त्या उपचाराला उशिरा, आजार वाढल्यावर येतात, हे जगभरच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. उपचारांच्या चाचण्यांत मात्र बायकांची संख्या कमीच राहिली आहे.

तंबाखूचेही तसेच. ‘बिडी-सिगारेट ओढता का?’ विचारले की बाई खरेच ‘नाही’ म्हणते. मिश्री लावता का, हे विचारतच नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की!

आता या अंदाजाचे घरात काय होते ते पाहा. ‘धोका जास्त’ हे शब्द डॉक्टर बाईला नाही, मुलाला किंवा नवऱ्याला सांगतात. घरी येईपर्यंत त्यांचे ‘पाय जाणारच आहे’ असे झालेले असते. मग जाणाऱ्या पायावर खर्च कशाला, असा हिशेब सुरू होतो. खरे तर त्याच रीतीत दुसराही अंदाज आहे : रक्तवाहिनी मोकळी करून रक्तपुरवठा सुधारला तर या रुग्णाला किती फायदा होईल? तोही सांगितलाच पाहिजे, आणि तो बाईला सांगितला पाहिजे. पाय तिचा आहे. तो गेला तर तिची कामे जातील, संडासाला जायलाही कुणाच्या तरी मिनतवाऱ्या कराव्या लागतील.

हे काम फक्त मोठ्या डॉक्टरांचे, असे कुणी म्हणेल. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहा. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथे अक्षरओळखही नसलेल्या गावातल्या बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. कुष्ठरोगाचे चट्टे ओळखायला त्या शिकल्या. त्यांना जे जमले ते आपल्याला का जमू नये? पायाची नाडी दोन जागी लागते : पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आतल्या हाडामागे. ती बोटांनी चाचपता येते. लागली नाही म्हणजे आजार आहेच असे नाही, पण तपासणी हवीच. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाने भागला आणि उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले, तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शंका घ्यायची. साखरेच्या जुन्या रुग्णांत रक्तवाहिन्या कडक होऊन हा आकडा फसवा येतो. त्यांच्या पायाच्या बोटाचा दाब मोजावा लागतो.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या लोकांची साखर आणि रक्तदाब तपासतात. साखर निघालेल्या प्रत्येकीची पावलेही उघडी करून पाहा, नाडी चाचपा. हे काम आशांना द्यायचे तर प्रशिक्षण आणि मोबदला देऊन द्या, फुकट नको. केसपेपरवर मिश्रीचा प्रश्न आणा. जखम किती दिवसांची आहे आणि इतके दिवस का गेले, हेही लिहा. धोका आणि उपाय, दोन्ही बाईशी बोला. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे तिला त्याच दिवशी पाठवा.

आणि आपण काय करायचे? बचत गटाच्या बैठकीत महिन्यातून एकदा एकमेकींचे पाय पाहायचे. बोटांच्या बेचक्यांत चीर आहे का? एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागतो का? रात्री पाऊल ठणकते आणि खाटेखाली लोंबते सोडले की बरे वाटते, असे कुणी म्हणते का? म्हणत असेल तर आजार पुढे गेला आहे असे समजा. बोट काळे पडले, जखमेला वास आला, लाली वर चढू लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. पोराची परीक्षा, घरचे लग्न, मालकिणीची सुट्टी, सगळे नंतर.

आपल्याकडे बाईला पायांवर उभे राहायला सांगतात. ते पाय तपासायला मात्र कुणाला वेळ नसतो. तो वेळ आपण एकमेकींसाठी काढू या.