पाणी की पाळणा?

हे सदर आम्ही नवरा-बायको मिळून लिहितो, हे आमच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. आमच्यापैकी एक कुवेतला असतो आणि दुसरी चिपळूणला, म्हणून निम्मा मजकूर फोनवरच ठरतो. या वेळचा मात्र आम्ही एकाच टेबलावर बसून लिहिला आहे. सुट्टीचे चार दिवस अजून शिल्लक आहेत.

आखातातून येणाऱ्याची सुट्टी कशी जाते हे कोकणातल्या मुस्लिम घरांना वेगळे सांगायला नको. चाळीस दिवसांतला पहिला आठवडा भेटीगाठींचा. मग बँकेची कामे, गळणारे छप्पर, दोन लग्ने, कुणाच्या घरी ताजियत, मुलांच्या शाळेत एक फेरी. शेवटच्या आठवड्यात पुन्हा बॅग भरायची. लग्नाला अकरा वर्षे झाली, पण आम्ही दोघेच असे कधी कुठे गेलो नव्हतो. म्हणून या वेळी आल्याआल्याच कॅलेंडरवर दोन दिवसांना गोल केला. मुले नानीकडे राहतील, गाडी घ्यायची आणि निघायचे.

कुठे जायचे, यावर दोन नावे पुढे आली. एक खोपोलीजवळचे इमॅजिका, दुसरे मुंबईत गोराईचे वॉटर किंगडम. एकीकडे पाळणे, दुसरीकडे पाणी. अम्मींनी ऐकले तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन पोरांचे आईबाप झालात, आता पाळण्यात बसायला चाललात?" आम्ही हसलो. पण पुढचे आठ दिवस आमचे या दोन नावांवर काही जमेना.

आधी दोन्ही ठिकाणांची माहिती सांगतो, म्हणजे कुणाला जायचे असेल तर उपयोग होईल.

इमॅजिका रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. ते २०१३ मध्ये सुरू झाले. चिपळूणहून जाणाऱ्याला मुंबईत शिरावेच लागत नाही. परशुराम घाट ओलांडून खेड, मग कशेडीचा बोगदा, पोलादपूर, महाड, माणगाव, कोलाड, आणि वाकण फाट्यावरून पालीकडे वळायचे. आत बहुतेक पाळण्यांचा खर्च एकाच तिकिटात येतो. नायट्रो नावाचा मोठा रोलर कोस्टर आहे, त्यात पायांखाली फळीसुद्धा नसते. साखळी डबे सुमारे ४० मीटर उंचीवर ओढून नेते. तिथून पुढे इंजिन नाही, सगळा वेग उताराचा. पण भित्र्यांसाठीही पुष्कळ आहे. 'अलीबाबा'च्या गुहेत गाडीत बसून चोरांवर नेम धरायचा असतो. 'आय फॉर इंडिया'त खुर्च्या उचलून मोठ्या गोल पडद्यासमोर नेतात आणि आपण देशावरून उडत असल्यासारखे वाटते. शेजारी त्यांचे पाण्याचे उद्यानही आहे, पण ते वेगळे.

गोराईची गोष्ट जुनी. तिथे १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड उघडले आणि १९९८ मध्ये त्याला लागून वॉटर किंगडम आले. टीव्हीवरची ती जाहिरात आमच्या पिढीला अजून आठवते. एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले. आता तिथे जायचे ते पाण्यासाठी. मालाडच्या मार्वेहून किंवा बोरिवलीच्या बाजूने बोटीने खाडी ओलांडता येते. गाडी सोबत न्यायची तर भाईंदर, उत्तन असा वळसा घालावा लागतो.

आता आमचे प्रश्न. पहिला कपड्यांचा. पाण्याच्या उद्यानात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा लायक्राचेच लागतात. यात आपल्यावर कुणाचा राग नसतो. सुती कापडाचे धागे सुटून गाळण यंत्रात अडकतात, ओले झाल्यावर कापड जड होते, आणि सैल कपडा घसरगुंडीच्या सांध्यात अडकू शकतो. पूर्ण अंग झाकणारा, डोक्याला घट्ट टोपी असलेला पोहण्याचा पोशाख आता बाजारात मिळतो. तरी तो चालेल का, हे तिकीट काढण्याआधी फोन करून विचारून घ्यावे. दारात गेल्यावर वाद नको. शिवाय कपडा सगळे झाकतो, पण भिजल्यावर अंगाला चिकटतोच. हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारून ठरवायचे.

पाळण्यांच्या बाजूलाही कपड्यांचा विचार लागतो. गो-कार्टच्या चाकात ओढणी किंवा केस अडकून जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. अशा ठिकाणी लोंबती ओढणी आणि घेरदार अबाया नकोच. लांब कुर्ता, पायजमा, आणि टाचण्यांऐवजी मागे गाठ मारून आत खोवलेला स्कार्फ बरा.

दुसरा प्रश्न मीरा रोडचा. हसू नका. गोराईला गाडीने जायचे म्हणजे भाईंदरकडे वळायचे, आणि मीरा रोडला आमच्या दोन खाला, एक मामू आणि मोजता न येणारी भावंडे राहतात. दारावरून गेलो आणि भेटलो नाही, हे नंतर कळले तर दोन वर्षे ऐकावे लागेल. भेटलो तर जेवण, मुक्काम, दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर आणखी कुणाकडे. मग आमचे दोन दिवस आमचे कसले?

तिसरा प्रश्न नमाजचा, पण तो सोपा होता. आम्ही शाफई. सुमारे ८० किलोमीटरहून दूर जाणाऱ्या मुसाफिराला आमच्याकडे कसर आहे, आणि जोहर-असर एकत्र पढण्याची सवलतही आहे. हनफी घरांत असर तिच्या वेळीच पढतात. त्यांनी दिवसाची आखणी तशी करावी, आपल्या आलिमांना विचारावे.

एवढे सगळे मांडल्यावर उत्तर इमॅजिका हेच निघत होते. नवरा इमॅजिकाच म्हणत होता. बायको "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत होती, आणि तिचे "तुम्ही म्हणाल तसं" नवऱ्याला आता फोनवरूनही ओळखता येते. त्यात होकार नसतो.

निघायच्या तीन दिवस आधी बायकोने कपडे भरायला नवऱ्याची मोठी बॅग काढली. तळाशी कमरेचा पट्टा सापडला, त्यासोबत एमआरआयचा कागद. गोदामात खोकी उचलताना कंबर धरली होती, मणक्याची चकती सरकली होती. त्याला सात महिने झाले होते. सात महिने आम्ही रोज बोलत होतो.

"हे काय?"

"कमी झालंय आता. उगाच तुला काळजी नको म्हणून."

"आणि त्या पाळण्यात बसणार होतात?"

"तुला हौस असेल असं वाटलं. पाण्यात तुला अवघड वाटेल म्हणून मी खोपोली म्हणालो."

बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने तिची गोष्ट सांगितली. ती सातवीत असताना शाळेची सहल एस्सेलवर्ल्डला गेली होती. भाऊ त्याच शाळेत होता, तो गेला. तिला घरून पाठवले नाही. भाऊ परत आला तो पाळण्यांविषयी बोलतच नव्हता, बोटीविषयीच बोलत होता. खाडीतून बोटीने जायचे आणि समोर तो झगमगाट दिसायचा. गोराईचे नाव तिने त्यासाठी काढले होते. तिला पाण्यात उतरायचेच नव्हते.

म्हणजे आठ दिवस आम्ही दोन उद्यानांची तुलना करत होतो, आणि दोघेही जे मनात होते ते सोडून बाकी सगळे बोलत होतो. एक जण दुसरीच्या हौसेसाठी मोडकी कंबर घेऊन रोलर कोस्टरमध्ये बसायला निघाला होता. दुसरी मनातली एक बोट मनातच ठेवून "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत होती. दोघांनाही वाटत होते की आपण त्याग करतो आहोत. त्या त्यागाने नवऱ्याला थेट ऑपरेशनच्या टेबलावर नेले असते.

आपल्याकडे मशवरा हा शब्द घराघरांत आहे. सूरह अल-बकरामध्ये (आयत २३३) बाळाचे दूध तोडण्याचा निर्णयसुद्धा आईबापांनी आपसांतल्या संमतीने आणि सल्लामसलतीने घ्यावा असे आले आहे. एवढी घरगुती बाब, तिलाही मशवरा. पण मशवऱ्याला आधी खरी माहिती लागते. दुखते ते लपवले आणि हवे ते गिळले, तर उरतो तो नुसता शिष्टाचार.

त्या रात्री आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो. नवऱ्याने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गाडीत दर तासाला उतरून चालायला सांगितले आणि झटके देणारी कुठलीही गोष्ट मनाई केली. पाळण्यांच्या दारावरच्या पाट्याही तेच सांगतात: पाठीचा, मानेचा, हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी बसू नये. या पाट्या शोभेच्या नसतात. पाण्याच्या घसरगुंड्याही कंबरेला तशाच वाईट. म्हणून पाणी बाद झाले. इमॅजिकात निदान खुर्चीत बसून पाहण्यासारखे बरेच होते. आणि बोटीचे काय? तिची सोय आपल्या कोकणातच निघाली.

जानेवारीतला मंगळवार धरला, कारण सुट्टीच्या दिवशी रांगांतच दिवस जातो. फजर पढून निघालो. डब्यात घावणे आणि खिमा होता, तो माणगावच्या पुढे झाडाखाली संपवला, कारण बाहेरचे खाणे आत नेता येत नाही. आत गेल्यावर शाकाहारीच खाल्ले, चौकशीची दगदग नको.

अलीबाबाच्या गुहेत बायकोचे गुण नवऱ्याच्या दुपटीहून जास्त झाले. आकाशातून देश पाहताना दोघेही गप्प होतो. मग बायको नायट्रोच्या रांगेत उभी राहिली, एकटी. नवरा खाली तिची पर्स आणि चपला धरून उभा. आजूबाजूचे दोघे-तिघे त्याच्याकडे पाहून हसले. ती वर उलटी-सुलटी होऊन परत आली तेव्हा पाय थरथरत होते आणि चेहऱ्यावर सातवीतली मुलगी होती. तिने त्याचा हात घट्ट धरला. आमच्या शाफई घरांत नवरा-बायकोचा हाताला हात लागला तरी वुजू जातो, हे लहानपणीच शिकवतात. जोहरच्या वेळेत आम्ही एकत्र पढण्याची निय्यत केली होती, असरला नव्याने वुजू करायचाच होता. म्हणून हात सोडण्याची घाई केली नाही. बाहेर पडल्यावर गाडीशेजारी चटई अंथरून दोन-दोन रकाती जोहर आणि असर अदा केल्या.

रात्री मुक्काम खोपोलीत. दुसऱ्या दिवशी सरळ महामार्गाने न परतता रोह्याहून मुरूड गाठले. आगरदांड्याला गाडी जंगल जेट्टीवर चढवली आणि दिघीला उतरवली. पुढे श्रीवर्धन, मग बागमांडल्याहून पुन्हा बोट, आणि बाणकोट खाडीपलीकडे वेश्वी. बायको दोन्ही वेळा गाडीतून उतरून कठड्याशी उभी राहिली. समोर कुठला झगमगाट नव्हता, नारळाची झाडे होती. ती म्हणाली, "हीच बोट पुरे." नवऱ्याने तेवढ्यात कंबर सरळ करून घेतली.

घरी आल्यावर अम्मींनी पुन्हा विचारले, "मग, बसलात पाळण्यात?" तेव्हा बायकोने त्यांना अबू दाऊदच्या संग्रहातली ती हदीस सांगितली. प्रवासात असताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ह. आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली आणि त्या जिंकल्या. पुढे त्यांचे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा आप (स.) जिंकले आणि मागचा हिशेब चुकता झाल्याचे बोलून दाखवले. अम्मींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पुढच्या सुट्टीत मलाही त्या आकाशवाल्या खुर्चीत बसवा."

इन्शाअल्लाह, बसवू. वाचकहो, तुम्हीही दोघांसाठी दोन दिवस काढा. पाणी की पाळणा हे सावकाश ठरवा. आधी एकमेकांना दोन प्रश्न विचारा: तुला खरेच काय हवे आहे, आणि तुला कुठे दुखते आहे? आमच्याकडे या दोन प्रश्नांना अकरा वर्षे लागली. कमरेचा पट्टा आता बॅगेच्या तळाशी नाही, दाराच्या खुंटीवर टांगलेला आहे. कुवेतला जाताना तो सगळ्यांत वर भरायचा, असे ठरले आहे.