रेड वाइनचं नाव, द्राक्षाचा भाव

नाशिकच्या सुलाची ‘रासा’ शिराझ द्राक्षाची, तर अकलूजच्या फ्रातेलीची ‘सेट्टे’ सांजोव्हेजी आणि कॅबर्ने या द्राक्षांची. जाणकार गिऱ्हाईक रेड वाइन निवडताना वाण, बाग आणि वाइन करणाराचा हात बघतं. बाटलीची ही पत वेलीवरच ठरते. रेड वाइनचा रंग नि तुरटपणा येतो सालीतून. म्हणून मणी लहान आणि घड मोजके हवेत. खायच्या द्राक्षासारखा भरपूर माल धरला तर वजन भरतं, पण वाइन पातळ होते.

गोम इथंच आहे. माल कमी धरायचा, तर किलोमागं दर जास्त मिळायला हवा. शिवाय ही द्राक्षं खायच्या बाजारात चालत नाहीत. गिऱ्हाईक एकच, वायनरी. २००८ च्या मंदीनंतर मालाला उठाव राहिला नाही, तेव्हा नाशिक भागात कित्येकांनी उभ्या बागा तोडल्या.

तेव्हा लागवडीआधी लेखी करार कराच. उचल किती वर्षं, किती साखरेला काय दर आणि पैसे किती दिवसांत, हे त्यात स्पष्ट हवं. ग्रामपंचायतीच्या मंडळींनीही सही करण्याआधी हा कागद शेतकऱ्याला वाचून, समजावून द्यावा.