भूकंपाचा विमा घ्या, पण आधी भिंती गुंफा

३० सप्टेंबर २०२४ ची दुपार. दीड वाजून गेला होता. चिखलदरा, धारणी, अचलपूर, परतवाडा, अकोट या पट्ट्यात जमीन हलली. भांडी वाजली, लोक घराबाहेर आले. धक्का ४.२ तीव्रतेचा होता. चार दिवस पारावर चर्चा झाली, मग जो तो सोयाबीनच्या सोंगणीला लागला. तारीख मात्र थोड्यांच्याच ध्यानात आली. बरोबर ३१ वर्षांपूर्वी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी भुईसपाट झाली होती. तारखेचा हा योगायोगच. पण त्या निमित्तानं आपल्या घराकडे एकदा पाहायला काय हरकत आहे?

"आपल्या इकडं कायचा भूकंप येते बापा?" असं आपण सहज बोलून जातो. किल्लारीचा भाग त्या वेळच्या सरकारी नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तरी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळजवळ ८ हजार माणसं झोपेतच गेली. आपल्या डोक्यावर तर सातपुडा आहे. त्याच्या दक्षिण पायथ्यानं जमिनीच्या पोटात जुनी भेग गेलेली आहे. भूगर्भशास्त्रज्ञ तिला गाविलगड भ्रंश म्हणतात. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात सहाच्या वरचा भूकंप झाला. २२ मे १९९७ ला नर्मदेच्या पट्ट्यातलं जबलपूर हादरलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीचे लोक जमिनीतल्या आवाजांनी आणि धक्क्यांनी हैराण झाले होते.

भीती घालण्याचा हेतू नाही. साद्राबाडीला पुढं मोठा भूकंप झाला नाही. पण १९९२ साली किल्लारीलाही असेच लहान धक्के बसले होते आणि पुढच्या वर्षी गाव गेलं. लहान धक्क्यांवरून मोठ्याचं भाकीत करता येत नाही, हाच याचा अर्थ. आणि ४.२ चा धक्का सोसला म्हणून आपलं घर मजबूत, असंही समजू नका. किल्लारीच्या ६.२ च्या धक्क्यात त्याच्या सुमारे हजारपट ताकद होती.

आता पैशाचं बोलू. घर पडलं तर सरकार देईल, हा आपला मोठा भरवसा. २०२२ च्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. अर्धवट पडझड झालेल्या पक्क्या घराला ६ हजार ५०० आणि कच्च्याला ४ हजार. एवढ्यात आज काय उभं राहतं, ते गवंड्याला विचारा.

म्हणून ज्याचं घर विटा-सिमेंटचं, स्लॅबचं आहे, त्यानं विमा जरूर घ्यावा. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची घराची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ठेवावी लागते. आग, पूर, वादळ यांबरोबर भूकंपही तिच्यात येतो. रक्कम ठरते ती बांधकामाच्या खर्चावर. जागेची किंमत धरत नाहीत. ६०० चौरस फुटांचं घर आणि फुटाला १,५०० रुपये खर्च धरला, तर विमा ९ लाखांचा. गोठ्यातली जनावरं आणि कोठीतलं धान्य त्यात आपोआप धरून चालू नका. काय येते, काय नाही, ते लिहून मागा. दोन कंपन्यांचे हप्ते विचारा, मगच सही करा.

"पीकविम्यानं हात पोळले, आता घराचा कायले?" असं कोणी म्हणेल. राग खोटा नाही. पण पीकविम्यात बहुतेक वेळा सगळ्या मंडळाचं सरासरी उत्पन्न पाहिलं जातं. घराच्या विम्यात तुमच्याच घराचा पंचनामा होतो. मात्र एक ध्यानात ठेवा. आपल्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि भिंतीही तडकतात. उद्या दावा केला तर "ही भेग जुनीच आहे" असं ऐकावं लागू नये, म्हणून पॉलिसी घेतानाच चारही बाजूंचे तारखेसह फोटो काढा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि पॉलिसीची प्रत दुसऱ्या गावी नातेवाइकाकडेही ठेवा.

पण ज्याचं घर माती-दगडाचं, त्यानं पहिला पैसा घरावरच घालावा. किल्लारीत माणसं मारली ती जाड दगड-मातीच्या भिंतींनी आणि वरच्या मातीच्या ओझ्यानं. आपल्याकडे धाब्यावर दरसाल मातीचा नवा थर चढतो, जुना कोणी काढत नाही. तो काढा. कोपरे नीट जोडून घ्या. नवं घर किंवा घरकुल बांधताना दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना एकत्र धरणारा लोखंड-सिमेंटचा सलग पट्टा टाकायला गवंड्याला सांगा. मेळघाटातलं कोरकू बांधवांचं लाकूड-बांबूचं कुडाचं घर हलकं असतं. ते अडाणी समजून मोडू नका.

सरपंच-सदस्यांनाही एक विनंती. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. शाळा, अंगणवाडी आणि दवाखान्याच्या इमारती अभियंत्याकडून तपासून घ्या. धक्का बसल्यावर गावानं कोणत्या मोकळ्या जागेत जमायचं, ते ठरवा. घरकुलाचा हप्ता सोडताना तो पट्टा पडला की नाही, ते पाहा.

विमा घर पुन्हा उभं करायला पैसा देईल. घरात झोपलेली लेकरं वाचवायचं काम मात्र भिंतींनाच करावं लागेल.