सातबारा डिजिटल, बांध मात्र तोच!

मंडळी, केंब्रिजमध्ये आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घरे घेतली आहेत. वकिलाने पाठवलेल्या कागदांत लँड रजिस्ट्रीचा एक नकाशा असतो आणि घराभोवती लाल रेघ. गंमत अशी की ही रेघ काटेकोर नसते. 2002 च्या कायद्यानुसार ती हद्द फक्त सर्वसाधारणपणे दाखवते. तरी आपण निर्धास्त असतो. कारण मालकीची नोंद आणि नकाशा एकाच कार्यालयात, एकाच क्रमांकाखाली असतात. जमिनीचा तुकडा विकायचा तर तो नकाशावर दाखवल्याशिवाय नोंद होत नाही. शिवाय नोंदणीतल्या चुकीने नुकसान झाले, तर भरपाईची तरतूद कायद्यातच आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहा. 2018 च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला आणि 2020 साली 'स्वामित्व' योजना सुरू झाली. याचे कौतुक केलेच पाहिजे. पण ही योजना गावठाणापुरती आहे. भांडणे होतात ती शिवारात!

सातबारा महसूल खात्याकडे, नकाशा भूमी अभिलेख खात्याकडे. वडील गेले, तीन भावांची वाटणी झाली, फेरफार झाला, तिघांची नावे आणि क्षेत्रे सातबाऱ्यावर आली. नकाशावर मात्र अनेकदा गट एकच राहतो. विहिरीकडचा तुकडा कुणाचा आणि ओढ्याकडचा कुणाचा, हे भावांनाच ठाऊक. पुढच्या पिढीला तेही ठाऊक नसते. मग बांध कोरला जातो आणि कोर्टाच्या तारखा सुरू होतात.

याचे मूळ जुने आहे. 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात मोजणी केली ती शेतसारा ठरवण्यासाठी, मालकीची हमी देण्यासाठी नव्हे. आजही 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते.

माझ्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात : दोन तक्ते एकमेकांशी जुळत नसतील, तर संगणक फक्त घोळाचा वेग वाढवतो. जमिनीला भू-आधार क्रमांक देणे चांगलेच. पण ज्या तुकड्याला नकाशावर हद्दच नाही, त्याला क्रमांक चिकटवायचा कुठे?

म्हणून मागणी एकच. आधी पोटहिश्शाची मोजणी आणि नकाशा, मगच खरेदीखत किंवा वाटणीची नोंद. अपवाद नको. शेजारच्या कर्नाटकात जमिनीचा भाग विकताना '11-ई' नकाशा लागतो. आपल्याला का जमू नये? मोजणीदार कमी आहेत म्हणता? उपग्रहाच्या मदतीने चालणाऱ्या रोव्हर यंत्रांनी ते काम पुष्कळ सोपे केले आहे. गरीब शेतकऱ्याला फी परवडत नसेल तर सरकारने सोसावी. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या दाव्यांपेक्षा ती स्वस्तच पडेल.

आणि आपणही हात झटकू नयेत. आपल्यातल्या कितीतरी जणांची नावे गावच्या सातबाऱ्यावर आहेत. यंदा सुट्टीत गावी जाल तेव्हा नुसता उतारा घेऊन परतू नका. भावंडांना सोबत घेऊन मोजणीचा अर्ज करा. नाती गोड आहेत तोवरच हद्दी ठरवून घ्याव्यात. भांडण झाल्यावर काढलेला नकाशा कुणालाच पटत नाही.