तान्ह्याची उलटी : उशीर कोठे होतो?

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याभोवतीची मराठी घरे असोत की खेड्यातली, तान्हे बाळ दूध उलटू लागले की आधी दृष्ट काढली जाते, मग ग्राइप वॉटर येते, मग दूध बदलले जाते. थोडी गुळणी सर्वच बाळे टाकतात. परंतु तीन ते सहा आठवड्यांचे मूल दर पाजण्यानंतर पिचकारीसारखी उलटी करीत असेल, उलटीत हिरवे पित्त नसेल आणि लगेच पुन्हा भुकेने रडत असेल, तर डॉक्टरच गाठावा.

या विकारात जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होतो. पाटाच्या मोरीचे तोंड आवळले की पाणी मागे तुंबते, तसेच हे. मुलींपेक्षा मुलग्यांत तो सुमारे चौपट आढळतो. पोट चाचपता कधी सुपारीएवढी गाठ लागते. सोनोग्राफीत स्नायूची जाडी ३ मिलिमीटर किंवा अधिक भरली की निदान होते.

इलाज खात्रीचा आहे. जर्मन शल्यविशारद राम्श्टेट यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने जाड स्नायू तेवढा उभा चिरतात. आतले अस्तर शाबूत ठेवतात. बहुतेक बाळे दिवसभरात पुन्हा दूध घेऊ लागतात.

मात्र दाखल केल्यावर डॉक्टर आधी रक्त तपासतात, सलाइन लावतात, एक-दोन दिवस थांबतात. ‘ऑपरेशन का लांबवता?’ म्हणून नातेवाईक चिडतात, काही जण मूल उचलून दुसरीकडे नेतात. हे आम्हांला मुळीच पटत नाही. उलट्यांनी शरीरातले पाणी व क्षार घटलेले असतात. ते भरून न काढता भूल दिली, तर बाळाचा श्वास थांबण्याचा धोका असतो. ते थांबणे हा हलगर्जीपणा नव्हे, उपचारच आहे. खरा उशीर आपल्या घरात होतो.

उलटी हिरवी असेल तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. तेथे एक तासही दवडू नये.

ग्वाल्हेरात १९४६ साली सुरू झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचे कमलाराजा रुग्णालय स्त्रिया व मुलांसाठीच आहे. बाड्यापासून ते दूर नाही. प्रार्थना अवश्य करावी. पण ती दवाखान्याच्या वाटेवर करावी, असे आम्ही म्हणतो.