नाताळच्या आधीचे चार आठवडे : श्रद्धा असलेल्या विद्यार्थ्यानं प्रश्न विचारायचे की नाही?

डिसेंबर म्हटलं की आपल्याला केक, स्टार आणि सुट्ट्या आठवतात. पण कॅथलिक घरात नाताळ एकदम २५ तारखेला येत नाही. त्याआधी चार रविवारांचा ॲडव्हेंट असतो. मराठीत त्याला आगमनकाळ म्हणतात. २०२५ मध्ये तो ३० नोव्हेंबरला सुरू झाला.

या काळाचा साधा अर्थ म्हणजे वाट बघणं. आणि कित्येक विद्यापीठांत नेमक्या याच दिवसांत सबमिशन आणि परीक्षा असतात.

या विद्यार्थ्यांसाठी एक नाव खास महत्त्वाचं आहे, जॉन हेन्री न्यूमन.

१ नोव्हेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी न्यूमन यांना 'डॉक्टर ऑफ द चर्च' घोषित केलं. म्हणजे ज्यांच्या विचारातून सगळ्या चर्चनं शिकावं असे संत. आजवर असे फक्त ३८ जण झालेत. सोबतच थॉमस अक्वायनस यांच्या जोडीनं त्यांना चर्चच्या शिक्षणकार्याचे आश्रयदाते संतही ठरवलं.

हे न्यूमन कोण?

१८०१ मध्ये लंडनला जन्म. ऑक्सफर्डमध्ये अभ्यासक आणि अँग्लिकन धर्मगुरू. १८४५ मध्ये ते कॅथलिक झाले आणि ऑक्सफर्डमधली फेलोशिप सोडली.

तेव्हा ऑक्सफर्डची पदवी घ्यायची तर अँग्लिकन धर्ममतं मान्य करून सही करावी लागायची. ही अट पुढे सैल होत गेली आणि १८७१ च्या कायद्यानं धर्माची बंधनं जवळपास संपली. पण इंग्लंडमधले कॅथलिक बिशपच आपल्या पोरांना तिथं जाऊ देईनात. ती मनाई उठायला १८९५ उजाडलं. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी बंद होतं.

न्यूमन यांनी १८५२ मध्ये डब्लिनला व्याख्यानं दिली. मुद्दा सरळ होता. विद्यापीठात सगळ्या ज्ञानाला जागा हवी. धर्मशास्त्राला बाहेर काढलं तर चित्र अपुरं राहतं, पण धर्मशास्त्रानं विज्ञानाच्या कामात घुसायचं नाही. आणि विद्यापीठाचं काम संत घडवणं नाही, विचार करणारं डोकं घडवणं आहे.

मग सगळं सुरळीत झालं का?

नाही. डिसेंबर १९७९ मध्ये, म्हणजे आगमनकाळातच, व्हॅटिकननं हान्स क्युंग यांचा कॅथलिक धर्मशास्त्र शिकवण्याचा अधिकार काढून घेतला. पोपच्या अचूकतेच्या सिद्धांतावर त्यांनी प्रश्न उभे केले होते. ट्युबिंगन विद्यापीठात ते शिकवत राहिले, पण कॅथलिक धर्मशास्त्राच्या विभागाबाहेर.

चर्चची बाजू अशी, की चर्चच्या नावानं शिकवायचं तर चर्चची शिकवण सांभाळावी लागते. टीकाकार म्हणतात, उत्तर आधीच ठरलेलं असेल तर त्याला अभ्यास कसा म्हणायचा? न्यूमन यांना मोठा मान देऊनही हा ताण संपलेला नाही.

यात आगमनकाळ कुठं येतो?

१७ डिसेंबरपासून नाताळची शेवटची तयारी सुरू होते. त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत ख्रिस्ताला पहिली हाक 'प्रज्ञा' या नावानं मारली जाते. शहाणपण अजून यायचंय, ते आपल्या खिशात नाही, असा तिचा सूर.

अभ्यास करणाऱ्याला हे नवीन नाही. उत्तर मिळेपर्यंत थांबावं लागतं आणि थांबताना प्रश्न सोडायचा नसतो. श्रद्धा असो वा नसो, परीक्षेच्या आदल्या रात्री एवढं तर कुणालाही पटेल.