महाग यंत्र आणि खरा स्वर

तबकडीवरील गाणें खऱ्यासारखें ऐकूं यावें म्हणून अधिक महाग यंत्र घ्यावें, हा समज आपल्या सुशिक्षित घरांत बळावत आहे. आम्हांस तो सर्वस्वीं चुकीचा वाटतो. बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीस लाँगप्लेच्या सुमारें तिप्पट जाड सुई लागते. बारीक सुई लावली, तर ती रुंद खोबणीच्या तळाशीं घासते, आणि खरखरीचा दोष मात्र बिचाऱ्या तबकडीवर येतो! फिरण्याचा वेग शेंकडा ६ वाढला, कीं पांढरी एकचा षड्ज काळी एकवर जातो. तेथें लाख रुपयांचा ध्वनिवर्धक काय करणार? तो ती चूकच अधिक स्पष्ट ऐकवील.

खरे उपाय स्वस्त आहेत. ५० आवर्तनांच्या विजेवर जळणाऱ्या साध्या तारेच्या दिव्याखालीं १८० रेघांची चकती फिरवावी. रेघा स्थिर दिसल्या, म्हणजे लाँगप्लेचा ३३⅓ फेऱ्यांचा वेग साधला. सुईचा भार लहान काट्यावर तोलून कारखान्यानें सांगितलेल्या मर्यादेंत ठेवावा. फार हलकी सुईही उडून खोबणीस इजा करते.

कोणी म्हणतील, करमणुकीसाठीं एवढा काथ्याकूट कशाला? त्यांस आम्ही विचारतों, तंबोरा न जुळवितां गाणाऱ्या गवयास आपण क्षमा कराल काय? घरांतील मुलें जो स्वर नित्य ऐकतात, तोच त्यांस खरा वाटूं लागतो. गवई निघून गेले. त्यांच्या षड्जाची राखण आतां आपल्याकडे आहे, आणि तींत होणारा आळस आम्हांस क्षम्य वाटत नाहीं.